झाडं लावली, वाघ बसवला, तरी जंगल दिसेना

कॉम्प्युटरवर निसर्ग उभा करणाऱ्यांनी प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं, आणि पाठवलेत बाबा तुम्ही, ढिगाने. त्यातल्या बहुतेक पत्रांचं म्हणणं एकच, 'ताई, सेटिंग सांगा'. सेटिंग सांगते, पण त्याआधी माझा उलटा प्रश्न असणारे की तुमच्या सीनमध्ये महिना कुठला चालू आहे आणि वाजलेत किती, कारण ते ठरलं नसेल तर सॅम्पल्स (चित्राच्या प्रत्येक ठिपक्यासाठी सोडलेले किरण) ४०९६ केले काय आणि १२८ ठेवले काय, फरक पडत नाही. जवळजवळ सगळेच ब्लेंडरवाले (थ्रीडी चित्रं करायचं सॉफ्टवेअर) आहात म्हणून उत्तरं त्याच हिशोबाने दिलीयेत. दुसरं काही वापरत असाल तर बटणाची नावं बदलतील, बाकी तेच.

प्रश्न : ताई, ताडोब्याचा सीन केलाय. मे महिन्यातली दुपार, वाघ पाणवठ्यावर पाणी पितोय. वाघाचं मॉडेल पैसे देऊन घेतलं, झाडांचा एक फुकट पॅक मिळाला तो स्कॅटर केला (जमिनीवर विखरून टाकला), गवत टाकलं, रात्रभर रेंडर (कॉम्प्युटरने अंतिम चित्र तयार करणं) चालला आणि सकाळी बघतो तर सगळं प्लास्टिकचं. मित्र म्हणतात गेमचा स्क्रीनशॉट आहे का. नक्की काय चुकतंय?
— बीएस्सीचा विद्यार्थी, चंद्रपूर

उत्तर : चित्र बघितलं. वाघ झकास आहे, त्याला हात लावू नकोस. घोळ आहे तो त्याच्या आजूबाजूला. तुझ्या त्या फुकट पॅकमधली झाडं बर्च आणि ओक आहेत रे, युरोपातली. असे पॅक बरेचदा तिकडच्या लोकांनी तिकडची झाडं बघून केलेले असतात आणि आपण नाव न वाचता उचलतो. तू चंद्रपूरचा, म्हणजे तुला हे मी पुण्यात बसून सांगायचं जरा अतिच आहे, पण मे महिन्यात ताडोब्यातला साग उघडा असतो. नुसत्या काड्या. आणि त्याची ती भलीमोठी पानं खाली पडलेली असतात, तपकिरी, कडा वळलेली, काही कुजून नुसती जाळी राहिलेली, इतकी की माती दिसायची पंचाईत. तुझ्या सीनमध्ये खाली काय आहे? लॉन. क्रिकेटच्या मैदानासारखं सपाट हिरवं लॉन. ते आधी काढ.

मग हिरवं काहीच नको का, तर हवं, पण पाण्यापाशी. नाल्याच्या काठाने जांभूळ, अर्जुन असतात ते हिरवे राहतात, आणि पाण्यापासून जसजसं लांब जाशील तसं सगळं पिवळं, करडं, उघडं होत जातं. हे जिओमेट्री नोड्समध्ये (ब्लेंडरमधली ठोकळे जोडून नियम ठरवायची सोय) करायला एकदम सोपंय, पाण्याच्या मेशपासूनचं (मेश म्हणजे वस्तूचा जाळीचा आकार) अंतर काढायचं आणि त्या अंतरावर झाडाची जात आणि पानांचं प्रमाण दोन्ही ठरवायचं. बांबू सुट्टा सुट्टा लावू नकोस, बेटं कर, आणि रंग वाळलेल्या गवताच्या जवळचा. मधेच एखादं कांडोळ, ते पांढरट बुंध्याचं झाड, गाईड लोक ज्याला घोस्ट ट्री म्हणतात, ते उभं कर, त्या एका बुंध्याने सगळं चित्र ताडोब्याचं वाटायला लागेल बघ. ऐनाच्या सालीला चौकोनी भेगा असतात, त्याचा फोटो तू स्वतःच काढून टेक्सचर (मॉडेलवर चढवायचं चित्र) करू शकतोस, जंगल तुझ्या घराशेजारी आहे.

आता ऊन. तू लिहिलंयस दुपार आणि सावल्या पडल्यात लांबलचक, संध्याकाळच्या. मेच्या तिसऱ्या आठवड्यात चंद्रपुरात दुपारी सूर्य जवळजवळ बरोब्बर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस त्याच सुमाराला असतो तुमच्याकडे. म्हणजे वाघाची सावली त्याच्या पोटाखालीच पडायला हवी, आणि खरं सांगायचं तर असा उजेड चित्राला वाईट असतो, सगळं भगभगीत. त्यापेक्षा सकाळचे साडेसहा कर. ब्लेंडरला सन पोझिशन नावाचं ॲड-ऑन आहे, त्यात अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ टाकली की सूर्य आपोआप जागेवर जातो, अंदाजपंचे फिरवत बसायला लागत नाही. सूर्याचा अँगल, म्हणजे त्याच्या बिंबाची रुंदी, अर्ध्या अंशाच्या आसपास ठेव, आकाशात तो तेवढाच दिसतो. तू पाच अंश ठेवलायस म्हणून सावल्यांच्या कडा ढगाळ दिवसासारख्या पसरल्यात.

आणि दोन बारीक गोष्टी सांगते, ज्या मॉडेलच्या पॅकमध्ये कधी मिळत नाहीत. एक म्हणजे जिथे हरणं भरपूर तिथे झुडपांचा खालचा पाला एका ठराविक उंचीपर्यंत खाल्लेला असतो, साधारण चितळाचं तोंड पोचेल तिथवर, आणि वर पाला तसाच. लांबून बघितलं की जंगलाखाली कोणी पट्टी धरून रेघ मारल्यासारखी दिसते. दुसरं म्हणजे पाणवठ्याचा काठ. तिथे गवत नसतं. रोज शेकडो खूर पडतात तिथे, मग चिखल, त्यात ठसे, त्याच्या बाहेर वाळून तडकलेली माती, आणि मग कुठे गवताची खुरटी सुरुवात. तुझं गवत थेट पाण्याला टेकलंय. वाघ पाण्यातून उठलाय असं दाखवायचं असेल तर पोटाखालचे आणि पायाचे केस ओले कर, म्हणजे हेअरमध्ये क्लम्प (केसांचे झुपके) वाढव आणि रंग थोडा गडद.

रंगाचं शेवटचं. पानं आपल्याला वाटतात त्यापेक्षा बरीच काळी असतात. हिरव्या पानावर पडलेल्या हिरव्या उजेडातला साधारण १०-१५ टक्केच परत येतो, तांबडा तर त्याहून कमी. तू जो पोपटी रंग घेतलायस तो पेंटच्या डब्यातला आहे. गडद घे, सॅच्युरेशन उतरव, आणि शेडरमध्ये (पृष्ठभाग कसा दिसेल ते ठरवणारी सेटिंग) थोडं ट्रान्सल्युसंट मिसळ, म्हणजे पाठीमागून ऊन आलं की पान आतून पेटेल. तो पोपटी तेव्हाच दिसतो, एरवी नाही.

प्रश्न : हरिश्चंद्रगड आणि कोकणकडा करतोय. पण नॉइजने (कॉम्प्युटरने आपोआप केलेल्या खडबडीने) डोंगर केले की हिमालय होतो, आणि सॅटेलाइटचा डेटा घेतला तर कडा गुळगुळीत उतार होतो आणि वर सगळीकडे पायऱ्या पायऱ्या दिसतात. पायऱ्या बघून आधी खूश झालो, म्हटलं सह्याद्रीचे थर आले, पण त्या फारच बारीक आणि सारख्या आहेत.
— ट्रेकर, संगमनेर

उत्तर : खूश होऊ नका, त्या पायऱ्या फाइलच्या आहेत. तुम्ही हाइटमॅप (उंची करड्या छटांत नोंदवणारं चित्र) ८ बिटमध्ये सेव्ह केलाय. ८ बिटमध्ये उंचीच्या फक्त २५६ पातळ्या मावतात, तुमच्या तुकड्यात खालच्या खोऱ्यापासून माथ्यापर्यंत हजार-बाराशे मीटरचा फरक असणार, म्हणजे दर चार-पाच मीटरला एक पायरी. १६ बिट करा, ६५,५३६ पातळ्या मिळतात, पायऱ्या गायब. आणि क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमधून काढताना आधी यूटीएम झोन ४३ उत्तर या मीटरमधल्या मापपद्धतीत रिप्रोजेक्ट करा (बदलून घ्या), नाहीतर अंशातलं माप मीटर समजून डोंगर दबतो किंवा ताणला जातो.

कडा गुळगुळीत का, तर तो डेटा मुळात तेवढाच आहे. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने ११ दिवसांत रडारने पृथ्वीचा बराचसा भाग मोजला त्यातून एसआरटीएम हा उंचीचा डेटा आला, त्याचा एक ठिपका साधारण ३० मीटरचा. इस्रोच्या भुवन साइटवर कार्टोसॅट उपग्रहाचा मिळतो तोही ३० मीटरच्याच आसपास. आता कोकणकड्यासारखी सरळसोट भिंत ३० मीटरच्या ठिपक्यात पकडायची म्हणजे ती एकदोन ठिपक्यांत संपते आणि मधे उतार जोडला जातो. त्यात कोकणकडा आतून खोबणीसारखा कोरलेला, वरची कड पुढे आलेली. हाइटमॅप एका जागेला एकच उंची सांगू शकतो, त्यामुळे पुढे झुकलेला कडा त्यात बसतच नाही, कितीही चांगला डेटा आणा. म्हणून आजूबाजूचा मुलूख डेटावरून घ्या आणि कड्याचा तेवढा भाग वेगळा मेश घेऊन हाताने स्कल्प्ट करा (कोरा). तुमच्याकडे फोटो असतीलच.

आता हिमालय का होतो ते. नुसता नॉइज लावला की टोकं टोकं येतात, सगळीकडे सारखी खडबड. सह्याद्री तसा झालेलाच नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा एकावर एक पसरत गेला, आडवे थर, आणि मग पाण्याने ते कापले. कठीण थर आला की कडा, मऊ थर आला की उतार, त्यावर माती, झाडी, परत कडा. म्हणूनच आपल्याकडे माच्या आहेत आणि वर सपाट माथे. गेया किंवा वर्ल्ड मशीन या डोंगर करायच्या सॉफ्टवेअरमध्ये थर पाडायचे नोड असतात, ब्लेंडरमध्ये पोझिशनचा झेड (उंची) घेऊन कर्व्हमधून काढला तरी भागतं.

एक गोष्ट मात्र फार कमी लोक करतात. हे पट्टे प्रत्येक डोंगराला स्वतंत्र देऊ नका, जगाच्या उंचीवरून द्या. थर आडवे आहेत, म्हणजे या डोंगरावर जो काळा पट्टा अमुक उंचीला आहे तोच खोऱ्यापलीकडच्या डोंगरावर जवळपास त्याच उंचीला दिसणार. पावसाळ्यानंतरच्या स्वच्छ हवेत कुठल्याही माथ्यावर उभं राहून बघा, पट्टे एका रेषेत लागतात. तेवढं जुळलं की बघणाऱ्याला कारण सांगता येणार नाही पण सह्याद्री ओळखू येईल. झाडी लावताना उताराचा मास्क (कुठे लावायचं, कुठे नाही ते ठरवणारा नकाशा) घ्या, सरळ कड्यावर काही नाही, मधल्या बाकांवर गवत आणि झुडपं, आणि घळीत, जिथे पाणी आणि माती दोन्ही अडकतात, तिथे दाट गर्द झाडी.

प्रश्न : मी ६८ वर्षांचा, बँकेतून निवृत्त. हौस म्हणून सुरू करायचंय. विकतचं काही नको. काय घेऊ?
— ठाणे

उत्तर : काका, ब्लेंडर घ्या, कायम फुकट आहे आणि मराठी मुलांनी यूट्यूबवर शिकवलेलंही सापडतं. आकाश आणि टेक्सचर पॉली हेवनवरून, तिथलं सगळं वापरायला मोकळं आहे. फक्त डोंगर आणि आकाशच करायचं असेल तर टेराजेन बघा, त्याची फुकट आवृत्ती धंद्यासाठी चालत नाही आणि रेंडरच्या साइजला मर्यादा आहे पण आकाश त्याच्यासारखं कोणाचं नाही हे माझं मत. पूर्वी व्ह्यू नावाचं महागडं सॉफ्टवेअर होतं, ते कंपनीने २०२४ मध्ये बंद करताना फुकट करून टाकलं. मिळालं तर गंमत म्हणून बघा, पण पुढे अपडेट येणार नाहीत, तेव्हा त्यावर वर्षभर मेहनत घालू नका.

प्रश्न : लॅपटॉपला ४ जीबीचं ग्राफिक कार्ड. डोंगरभर झाडं लावली की ब्लेंडर बंद पडतं. झाडांच्या आत काळे ठिपकेही दिसतात. नवा लॅपटॉप घरचे देत नाहीत. काही जुगाड?
— इचलकरंजी

उत्तर : घरच्यांचं बरोबर आहे, अजून लॅपटॉपची वेळ आलेली नाही. झाड कॉपी करताना शिफ्ट-डी करतोयस का? त्याने प्रत्येक झाडाचा सगळा मेश नव्याने तयार होतो. ऑल्ट-डी केलं, किंवा जिओमेट्री नोड्समधून इन्स्टन्स केले, तर मेश मेमरीत एकदाच जातो आणि बाकीच्या ठिकाणी फक्त 'इथे उभं कर' एवढीच नोंद. लाख झाडं सुद्धा मग जड नाहीत. नोड ट्रीमध्ये कुठे रियलाइज इन्स्टन्सेस (प्रत्येक नोंदीचा परत खरा मेश करणारा नोड) लावलेलं असेल तर ते काढ, त्या एका नोडने सगळ्या मेहनतीवर पाणी पडतं.

मग टेक्सचर. ८के चं एक चित्र म्हणजे ८१९२ गुणिले ८१९२, सहा कोटी एकाहत्तर लाख पिक्सेल, प्रत्येकाला चार बाइट, झाले २५६ एमबी. रंग, रफनेस (खरखरीतपणा), नॉर्मल (बारीक उंचसखलपणा) असे तीन नकाशे लावलेस की एका सालीने तुझं पाऊण जीबी खाल्लं, आणि ते झाड आहे कुठे तर डोंगराच्या पलीकडच्या उतारावर, चित्रात नखाएवढं. तेच २के केलंस तर एक नकाशा १६ एमबी. ८के फक्त कॅमेऱ्याच्या नाकासमोरच्या बुंध्याला, बाकी सगळं २के, लांबचं १के.

पानं जर चौकोनी पट्टीवर चित्र चिकटवून केलेली असतील तर सायकल्समध्ये (ब्लेंडरचं रेंडर इंजिन) ती फार वेळ खातात, कारण किरण प्रत्येक पट्टीच्या पारदर्शक भागातून पुढे पुढे जात बसतो. मेश पानाच्या आकाराला धरून कापून घे, तिकोन थोडे वाढले तरी चालतील. झाडाच्या आत काळे ठिपके दिसतायत असं लिहिलंयस ते पण त्यामुळेच, ट्रान्सपरंट बाउन्सेस (किरण किती पारदर्शक थरांतून जाईल ती मर्यादा) मुळात आठवर असतात, पानांचे थर त्याहून जास्त झाले की पुढे अंधार. ते ३२ कर.

ॲनिमेशन करत असशील तर थेट व्हिडिओ फाइल कधीच काढू नकोस, एकेक फ्रेम पीएनजी काढ आणि ओव्हरराइट बंद ठेव. लाइट गेली, लॅपटॉप तापून बंद पडला, तरी परत सुरू केल्यावर राहिलेल्या फ्रेमपासून पुढे जातं. आपल्याकडे हे पाठच हवं.

प्रश्न : शाळेतल्या मुलांना दाखवायला कास पठार करतेय. फुलं सगळीकडे टाकली तर गालिचा होतो, कमी केली तर उजाड वाटतं. खरं कास यापैकी कशासारखंच नाही.
— चित्रकला शिक्षिका, सातारा

उत्तर : तुम्ही साताऱ्याच्या, सप्टेंबरात एकदा गुडघ्यावर बसून बघा, प्रश्न सुटेल. वरती जांभा दगड, त्यावर मातीचा पातळ थर, आणि पाणी कुठे साचतं, कुठे झिरपतं, कुठे वाहून जातं यावर कुठलं फूल कुठे ते ठरतं. दगडावरून पाण्याचा पातळ पापुद्रा सरकत असतो तिथे सीतेची आसवं, ती निळी-जांभळी, अगदी बोटभर उंचीची. पाणी धरून राहणाऱ्या ओलसर जागी गेंद, पांढरे गोल. तेरडा गुलाबी मोठ्या पट्ट्यांनी. सोनकी उताराला आणि कडेकडेने, पिवळीधमक. मधे मधे नुसता काळा-तांबडा दगड उघडा, आणि झाडं नावाला, कारण मूळ धरायला माती नाही.

तेव्हा रँडम स्कॅटर नको. जमिनीचा आधी नीट चढउतार करा, अगदी वीतभर उंचीचे खळगे सुद्धा, मग खोलगटपणाचा एक मास्क काढा आणि प्रत्येक फुलाला त्या मास्कमधला आपापला पट्टा द्या, कडा थोड्या एकमेकांत मिसळू द्या. आपोआप ठिगळं पडतील आणि ती पाण्याच्या वाटेने पडतील.

गालिचा का होतो त्याला अजून एक कारण आहे, तुमचा कॅमेरा उभ्या माणसाच्या डोळ्यापेक्षाही वर आहे. वरून बघितलं की फुलांमधल्या फटी दिसतात, मग आपण त्या बुजवायला फुलं वाढवतो. कॅमेरा फूटभर उंचीवर आणा. त्या कोनातून मागची फुलं पुढच्यांना चिकटतात आणि कमी फुलांत पठार भरतं. जवळच्या दोन-तीन मीटरला खरी मॉडेल, त्यापुढे साधी, आणि लांबवर तर जमिनीचाच रंग बदला, तिथे फूल मोजायला कोणी जात नाही. मधमाश्या, फुलपाखरं चारदोनच टाका. कास पश्चिम घाटाबरोबर २०१२ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेलं हे मुलांना माहीत असेलच, पण पायाखाली किती तुडवलं जातं ते दाखवायचं असेल तर एक पायवाट काढा, तिच्यावर फुलं शून्य.

प्रश्न : चितळांचा कळप चालवलाय. चालणं नकली वाटतं, पाय बर्फावर घसरल्यासारखे सरकतात. रिग (मॉडेलच्या आतला हाडांचा सांगाडा) तर चांगलं आहे.
— नागपूर

उत्तर : पाय सरकतात कारण जनावर पुढे जायचा वेग आणि पावलाची लांबी जुळत नाहीये. पाऊल टेकलं की उचलेपर्यंत ते जमिनीवर त्याच ठिकाणी राहायला पाहिजे, अंग त्याच्यावरून पुढे सरकतं. एका पूर्ण चक्रात जनावर किती अंतर कापतं ते मोजून घे आणि तेवढंच पुढे ने.

पायांचा क्रम पण तपास. सावकाश चालताना डावा मागचा, मग डावा पुढचा, मग उजवा मागचा, मग उजवा पुढचा. तू डावा मागचा आणि उजवा पुढचा असे तिरपे पाय एकदम उचललेस, ती दुडकी चाल झाली, चरणारं चितळ असं चालत नाही. हा सगळा गोंधळ जुना आहे, घोडा पळताना चारही पाय हवेत असतात का यावर माणसं भांडायची, शेवटी १८७८ मध्ये छायाचित्रकार मायब्रिजने ओळीने कॅमेरे लावून फोटो काढले तेव्हा कळलं की असतात. त्याने पुढे बऱ्याच जनावरांच्या चाली टिपल्या, त्या मालिका जुन्या असल्याने कुठेही मोकळ्या मिळतात, एकेक फ्रेम मागे ठेवून त्यावर कीफ्रेम (हालचालीतल्या मुख्य पोझेसची नोंद) कर. आणि मागच्या पायाला जो उलटा गुडघा दिसतो तो गुडघा नाही, घोटा आहे, खरा गुडघा वर पोटापाशी असतो. रिगमध्ये हाड तिथून वाकलं पाहिजे.

पण तुझी खरी अडचण वेगळीच आहे, सगळी चितळं एकाच वेळी तोच पाय उचलतायत. लेझीम पथक झालंय. प्रत्येकाचा लूप थोडा मागेपुढे सरकव, वेग थोडा कमीजास्त कर, आणि सगळ्यांना चालवूच नकोस. कळपात निम्मी मान खाली घालून चरत असतात, एक-दोन मान वर करून बघत असतात, कोणाचा कान हलतो, कोणाची शेपटी. वर झाडावर लंगूर बसव, खाली पाला पडलेला दाखव. लंगूर पानं अर्धवट खाऊन खाली टाकतात आणि चितळं ती वेचतात, ही जोडी जंगलात नेहमीची, शिवाय वाघ आला की वरून आधी ओरडायला लंगूर असतातच. मापं मात्र ठेव. नर चितळ खांद्याशी सुमारे ९० सेंटिमीटर, मोठा गवा पावणेदोन मीटरच्या आसपास. एका वाचकाने गवा आणि चितळ खांद्याला खांदा लावून उभे केलेत, काय बोलणार.

प्रश्न : आम्ही न्यू जर्सीत असतो. आईला वाढदिवसाला तिच्या माहेरचं कोकणातलं घर पावसात दाखवायचंय. फोटो आहेत पण सगळे मे महिन्यातले. पाऊस टाकला तर पांढऱ्या काठ्या पडल्यासारखं दिसतं.
— न्यू जर्सी

उत्तर : किती छान. सूर्य पूर्ण काढून टाका, ढगाळ एचडीआरआय (सीनला उजेड देणारा आकाशाचा गोलाकार फोटो) लावा, सावल्या फक्त कौलांच्या खाली आणि माडांच्या बुडाशी, मऊ. मग मे महिन्याच्या फोटोतलं सगळं भिजवा. जांभ्याचा गडगा भिजला की बराच गडद होतो आणि त्याच्यावर शेवाळ, मे मध्ये जे काळं वाळलेलं दिसतं ना तेच जुलैत हिरवं. म्हणजे शेडरमध्ये रंग गडद, रफनेस कमी, पण सगळीकडे सारखी नाही, वरच्या बाजूला जास्त आणि पागोळीखाली सगळ्यात जास्त. अंगणात पागोळीच्या रेषेत मातीला खळगे पडतात एका ओळीत, ते विसरू नका, आईचं लक्ष आधी तिथे जाईल. समोर भाताची खाचरं असतील तर त्यात दोन-चार बगळे.

पावसाचं म्हणाल तर मोठा थेंब सेकंदाला साधारण ९ मीटरने पडतो. सेकंदाला २४ फ्रेमच्या व्हिडिओत शटर अर्धं, म्हणजे फ्रेमच्या निम्मा वेळ उघडं, ठेवलं तर एका फ्रेममध्ये त्याची रेघ १८-१९ सेंटिमीटर उठते. तुमच्या काठ्या दोन-दोन फुटाच्या आहेत आणि अपारदर्शक. बारीक करा, जवळजवळ दिसू नयेत इतक्या. शिवाय पाऊस उजळ आकाशावर दिसतच नाही, तो दिसतो काळोख्या पडवीसमोर, माडाच्या दाटीसमोर. लांबचा डोंगर धुक्यात पुसून टाका, त्याला व्हॉल्यूम (सीनमध्ये खरं धुकं भरणं) नको, मिस्ट पास (अंतर दाखवणारं वेगळं चित्र) काढून कंपोझिटरमध्ये (रेंडरनंतर चित्रं एकत्र करायची जागा) करा, रेंडर लवकर होईल. आणि आवाज टाका बरं का, कौलांवरचा पाऊस, नाहीतर निम्मं गेलं.

प्रश्न : सरावासाठी रात्रीचा बिबट्या केला, सोसायटीच्या गेटसमोर उभा. ग्रुपवर गंमत म्हणून टाकला तर कोणीतरी पुढे पाठवला आणि 'आमच्याकडे बिबट्या' म्हणून सगळीकडे फिरतोय. लोक मुलांना बाहेर सोडत नाहीयेत. आता?
— पुणे जिल्हा

उत्तर : आता आज, हे वाचायच्या आधीच, जिथे टाकला तिथे 'हे मी कॉम्प्युटरवर केलेलं चित्र आहे' असं लिहा, सोबत व्ह्यूपोर्टचा (ब्लेंडरमध्ये काम करायच्या खिडकीचा) स्क्रीनशॉट द्या ज्यात बिबट्या करड्या रंगाचा, टेक्सचर नसलेला दिसतो. नुसतं 'खोटं आहे' लिहिलं की लोक विश्वास ठेवत नाहीत, स्क्रीनशॉट बघितला की ठेवतात. वन विभागाची हेल्पलाइन आहे, १९२६, तिथे फोन करून सांगा. तुमच्या जिल्ह्यात खरे बिबटे आहेत, उसात पिल्लं घालतात, माणसं मेलीयेत, आणि वनरक्षक तुमच्या चित्रामागे धावत असतील तर खऱ्या ठिकाणी पोचायला त्यांना उशीर होतो. पोलिसांकडे जायची वेळ आलीच तर मूळ ब्लेंड फाइल डिलीट केलेली नसावी, तीच तुमचा पुरावा आहे.

पुढच्यासाठी म्हणाल तर ओळखू येईल अशा खऱ्या जागेत हिंस्र जनावर उभं करू नका, करायचंच असेल तर चित्राच्या मधोमध, कापता येणार नाही असं नाव टाका. कोपऱ्यातला वॉटरमार्क पहिल्याच फॉरवर्डला कापला जातो. वन्यजीव फोटोंच्या स्पर्धेत रेंडर पाठवू का असंही दोघांनी विचारलंय, त्यांना सुद्धा हेच उत्तर, डिजिटल आर्टचा वेगळा गट असेल तर जरूर, नसेल तर नाही.

पुढच्या अंकासाठी पक्ष्यांबद्दलचे प्रश्न बाजूला ठेवलेत, पिसांवर बोलायला जागाच उरली नाही. पाठवताना रेंडरबरोबर वायरफ्रेमचं (नुसत्या जाळीच्या रेषांचं) चित्र पण जोडा, आणि महिना-वेळ लिहा.